कानाचं मशीन घरी कसं साफ करायचं? बाबांचं उजवं मशीन परत बंद पडलंय

सायंतारा:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत, दोन्ही कानांना मशीन आहे, दोन वर्षं होतील आता. कानामागे छोटं यंत्र बसतं, त्यातून एक बारीक तार कानात जाते आणि तारेच्या टोकाला सिलिकॉनची मऊ टोपी असते ना, त्या प्रकारचं. चार्जिंगवालं नाही, सेल बदलावा लागतो, तपकिरी स्टिकरवाला. तर झालंय असं की उजव्या मशीनचा आवाज गेल्या सहा महिन्यांत तिसऱ्यांदा गेलाय. एकदम बंद नाही होत, आधी बारीक बारीक होत जातो, बाबा म्हणतात लांबून कोणीतरी बोलतंय असं वाटतं, आणि मग एक दिवस काहीच नाही. सेल नवा घालून बघितला, फरक नाही. मागच्या दोन्ही वेळी जिथून घेतलं तिथे नेलं, त्यांनी आत नेऊन पाच मिनिटांत परत आणून दिलं, म्हणाले साफ केलं, चालू झालं. काय साफ केलं, कसं केलं, ते काही सांगितलं नाही आणि मीही घाईत विचारलं नाही.

पण तिथे जायला वेळ मिळेपर्यंत आठ-दहा दिवस जातात आणि तेवढे दिवस बाबा एका कानावर असतात. चारजण बोलत बसलो की ते मान खाली घालून गप्प बसतात, काही विचारलं की म्हणतात असू दे, मला ऐकू येतंय तेवढं पुरे आहे. हे ऐकवत नाही हो. आधी किती बोलायचे.

म्हणून विचारतेय, घरच्या घरी काय काय करता येतं? ओलं कापड चालतं का? कानात घालायच्या कापसाच्या काड्या चालतील का? मशीनसोबत एक डबी मिळाली होती त्यात छोटा ब्रश आहे, एक वाकडी तार आहे, आणि प्लॅस्टिकच्या दोन-तीन काड्या आहेत ज्यांच्या एका टोकाला इवलासा पांढरा ठिपका आहे, त्यांचं काय करायचं काही कळलं नाही म्हणून तशाच पडून आहेत. आणि अजून एक, आंघोळीनंतर लगेच घातलं की दोन्ही मशीन खरखर करतात, चालताना पण कधी कधी. काढून ठेवायची वेळ आली की बाबा शर्टाच्या खिशात रुमालासोबत ठेवतात. हे बरोबर आहे का तेही सांगा.

कानोसा:
ताई, त्या पांढऱ्या ठिपक्याच्या काड्या फेकू नका!! तुमचं उत्तर त्यातच आहे असं मला जवळपास नक्की वाटतंय.

मी स्वतः २२ वर्षं मशीन वापरतोय, आधी साच्यावालं (कानाच्या मापाचा तुकडा कानात बसतो ते) होतं, आता सात वर्षं तुमच्या बाबांसारखं तारेवालं. तुमच्या मशीनमध्ये स्पीकर, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो कानामागच्या भागात नसतो, तारेच्या टोकाला असतो, म्हणजे थेट कानात. आवाज जिथून बाहेर पडतो त्या तोंडावर एक जाळीचं टोपण असतं, मोहरीएवढं, त्याला वॅक्स गार्ड किंवा वॅक्स फिल्टर म्हणतात. कानातला मळ रिसीव्हरमध्ये शिरू नये म्हणून ते लावलेलं असतं. मळ त्या जाळीत अडकतो, जाळी हळूहळू बुजते, आवाज हळूहळू कमी होतो, पूर्ण बुजली की काहीच ऐकू येत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ना, लांबून बोलल्यासारखं आणि मग बंद, ते अगदी हेच. मशीन बिघडलेलं नसतं, फक्त तोंड चोंदलेलं असतं. पाच मिनिटांत परत आणून दिलं म्हणता, बहुतेक तेच बदललं असेल.

आता करायचं कसं. टेबलावर एक गडद रंगाचं कापड किंवा टॉवेल पसरा, दिवा जवळ घ्या. कापड यासाठी की ते टोपण हातातून निसटलं तर फरशीवर सापडत नाही, आणि मशीन पडलं तरी मऊ जागी पडेल. बेसिनवर कधीच करू नका. आधी सिलिकॉनची टोपी (हिला डोम म्हणतात) चिमटीत धरून हलकेच ओढून काढा, तारेला धरून ओढायचं नाही, तार तुटली तर मात्र खरंच खर्च आहे. डोम निघाला की रिसीव्हरचं उघडं टोक दिसेल, त्यात मध्यभागी फिल्टर. आता ती काडी घ्या. काडीला दोन टोकं आहेत, एकावर नवीन पांढरा फिल्टर बसवलेला आहे आणि दुसरं टोक रिकामं आहे. रिकामं टोक जुन्या फिल्टरमध्ये सरळ दाबायचं आणि सरळ बाहेर ओढायचं, जुना त्याला चिकटून बाहेर येतो. मग काडी उलटी करायची, नवीन टोक त्याच भोकात सरळ दाबायचं, आणि काडी बाहेर घ्यायची, नवा आत राहतो. वाकडं दाबू नका, बस. डोम परत लावताना शेवटपर्यंत दाबून बसवा, आणि घट्ट बसलाय ना हे बोटाने ओढून बघा, हे फार महत्त्वाचं आहे कारण सैल राहिला तर मशीन काढताना डोम कानातच राहतो.

जुना फिल्टर धुवून परत वापरायचा नाही, ब्रशने घासायचा पण नाही, घासल्याने मळ जाळीत अजून घट्ट बसतो. आणि नवीन काड्या आणताना मशीनचं मॉडेल सांगून आणा, फिल्टर कंपनीप्रमाणे वेगळे असतात. फोनॅकच्या जुन्या मॉडेलना सेरुस्टॉप, ओटिकॉनला प्रोवॅक्स मिनिफिट, असं प्रत्येकाचं वेगळं, एकाचं दुसऱ्याला बसत नाही. काही नव्या मॉडेलमध्ये तर काडीच नसते, गोल चकती फिरवून बदलतात.

करून बघा आणि सांगा.

स्क्रूड्रायव्हर:
मी माझ्या सासऱ्यांचं मशीन स्पिरिटने पुसतो, कापसावर थोडंसं घेऊन, एकदम चकाचक होतं आणि जंतू पण मरतात. ओल गेली असेल तर हेअर ड्रायर पाच मिनिटं. आणि आवाज येत नसेल तर बारीक टाचणीने भोक मोकळं करायचं, मळाचा खडा निघतो की लगेच आवाज येतो. आमचं तरी चालू आहे, त्यामुळे घाबरू नका.

ध्वनिरेषा:
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची तज्ज्ञ आहे म्हणून मधे बोलते. स्क्रूड्रायव्हर, तुम्ही सासऱ्यांचं एवढं हाताने करता हे खूप चांगलं आहे, पण या तिन्ही गोष्टी कृपया थांबवा, कारण सांगते.

टाचणी. फिल्टरच्या लगेच मागे रिसीव्हरचा पडदा असतो, अतिशय पातळ. टाचणी जाळीतून आरपार गेली की तो फाटतो, मग रिसीव्हरच बदलावा लागतो. आणि कानामागच्या भागावर जी दोन बारीक छिद्रं किंवा फटी असतात ते माइक आहेत, तिथेही टाचणी अजिबात नको, तिथे फक्त कोरडा मऊ ब्रश. डबीतली वाकडी तार असते ती डोममधली किंवा साच्यातली हवेची वाट मोकळी करायला असते, माइकसाठी किंवा रिसीव्हरसाठी नाही.

स्पिरिट. मशीनवर पाणी टिकू नये म्हणून बाहेरून एक पातळ लेप असतो, स्पिरिटने तो हळूहळू जातो. साचा असेल तर तो कडक होतो, तडकतो. आणि माइकच्या फटीत थेंब गेला तर विचारू नका. जंतूंची काळजी असेल तर मशीनसाठी बनवलेले खास पुसायचे कागद किंवा स्प्रे मिळतात ज्यात अल्कोहोल नसतं, ते वापरा, आणि स्प्रे सुद्धा कापडावर मारून मग पुसा, थेट मशीनवर नाही.

हेअर ड्रायर, ऊन, हीटर, मायक्रोवेव्ह, यातलं काहीही नको. उष्णतेने आतले सांधे आणि प्लॅस्टिक वाकतं आणि गरम हवेचा जोर ओल बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो.

सायंतारा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. ओलं कापड नाही, कोरडं मऊ कापड, चष्मा पुसायचं असतं तसं. बाबांनी मशीन काढलं की रोज पुसायचं. ब्रश मात्र सकाळी घालायच्या आधी मारायचा, रात्री नाही, कारण कानातला ताजा मळ ओला चिकट असतो, ब्रशने पसरतो, रात्रभरात तो वाळतो आणि सकाळी झटकला की सुटून पडतो. ब्रश मारताना कानात जाणारं टोक खाली करून धरा म्हणजे सुटलेला मळ खाली पडेल, वर धरलं तर तोच मळ आत जाईल. छोटी गोष्ट आहे पण मी जितकी बुजलेली मशीन बघते त्यातली कितीतरी अशी उलटी धरून ब्रश मारलेली असतात. आणि माइकला वापरायचा ब्रश वेगळा ठेवता आला तर उत्तम, नाहीतर डोमचा मळ माइकवर लागतो.

कापसाच्या काड्या कानात घालू नका, मशीनवाल्या माणसाने तर नाहीच. कानाच्या नळीची कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर आणते. मशीन दिवसभर कानात असलं की ही वाट अडते, म्हणून मशीन घालणाऱ्यांच्या कानात मळ जास्त साठतो. त्यात काडी घातली की मळ आणखी आत ढकलला जातो. सहा महिन्यांत तीनदा एकाच बाजूचा फिल्टर बुजतोय याचा अर्थ उजव्या कानात मळ बराच होत असणार, तर एकदा कान-नाक-घसा डॉक्टरांकडून कान बघून घ्या. मळ मऊ करायचे थेंब स्वतःच्या मनाने आणू नका, कानाच्या पडद्याला भोक असेल तर ते थेंब चालत नाहीत, आणि भोक आहे की नाही हे बाहेरून तुम्हाला कळणार नाही. कानातून पाणी किंवा पू येत असेल, दुखत असेल तर त्या कानात मशीन घालायचं नाही, आधी डॉक्टर.

खिशात रुमालासोबत नको. रुमाल घामाने, हाताने ओलसर असतो आणि धागे माइकमध्ये जातात, शिवाय रुमाल झटकला की मशीन गेलं. झाकणाची डबी खिशात ठेवा.

पिल्लूचीआई:
माझी मुलगी पाच वर्षांची आहे, नऊ महिन्यांची असल्यापासून मशीन घालते, त्यामुळे आमच्याकडे हे सगळं दात घासण्यासारखं झालंय. तिचं कानामागचं मोठं मशीन आणि कानात साचा म्हणजे मोल्ड आहे, तर ज्यांच्या घरी मोल्ड आहे त्यांच्यासाठी लिहिते, कारण वरचं सगळं डोमवाल्यांसाठी आहे.

मोल्ड धुता येतो, मशीन नाही. मशीनचा आकडा म्हणजे हुक आणि प्लॅस्टिकची नळी जिथे जोडलेली असते तिथून नळी ओढून वेगळी करायची, मोल्डमधून नळी काढायची नाही, ती तिथे चिकटवलेली असते. मग मोल्ड आणि नळी कोमट पाण्यात अगदी सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून धुवायचं, नीट खळबळायचं. दोन्ही कानांचं एकदम वेगळं करत असाल तर खुणा लक्षात ठेवा, लाल उजवा, निळा डावा, हे बहुतेक सगळ्या मशीनना असतं. धुतल्यावर कोरडं पुसायचं आणि नळीत जो पाण्याचा थेंब अडकून राहतो तो घालवायला रबरी फुग्यासारखा एक ब्लोअर मिळतो, त्याने नळीत हवा मारायची. तोंडाने फुंकू नका, तोंडाच्या हवेत बाष्प असतं. मग रात्रभर तसंच उघडं ठेवायचं आणि सकाळी जोडायचं. एक थेंब जरी नळीत राहिला तरी आवाज पोचत नाही, मी सुरुवातीला हे माहीत नसल्याने एक अख्खा दिवस तिला बंद मशीनवर शाळेत पाठवलंय आणि ती लहान असल्याने तिने सांगितलंच नाही, ते अजून मनातून जात नाही.

त्यानंतर मी रोज सकाळी मशीन आधी स्वतः ऐकते. स्टेथोस्कोपसारखी एक नळी मिळते, स्टेथोसेट किंवा लिसनिंग ट्यूब म्हणतात, तिचं टोक मोल्डला लावायचं आणि स्वतः बोलून बघायचं. खरखर, अडखळत येणारा आवाज, बारीक आवाज, सगळं कळतं. आवाज कमी ठेवा नाहीतर आपल्या कानाला त्रास होईल. मग तिच्या कानात घालून पाठीमागे उभं राहून म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज एकेक करून म्हणायचे आणि तिने ऐकू आलं की हात वर करायचा. म आणि ऊ खालच्या पट्टीचे, श आणि स सगळ्यात वरच्या, म्हणजे बोलण्यातले सगळे सूर यात येतात. रोज ऐकू येणारा स एक दिवस चुकला की समजायचं, काहीतरी बुजलंय किंवा सेल उतरलाय. ताई, तुम्ही हे बाबांसोबत पण करू शकता, मोठ्यांना पण लागू आहे, म्हणजे मशीन पूर्ण बंद पडायची वाट बघावी लागणार नाही.

मोल्डची नळी तीन ते सहा महिन्यांत पिवळी आणि कडक होते, ती बदलून घ्यावी लागते. मशीन शिट्टी मारायला लागलं की आधी नळीला चीर आहे का, मोल्ड नीट बसलाय का ते बघा. आवाज कानातून बाहेर गळतो, माइक तोच परत पकडतो, परत मोठा करतो, म्हणून शिट्टी. कानात मळ भरला असेल तरी शिट्टी येते.

आणि हात जोडून सांगते, घरात लहान मूल असेल तर सेल अगदी उंचावर ठेवा, वापरलेले सुद्धा. गिळला असं नुसतं वाटलं तरी लगेच दवाखान्यात, वाट बघायची नाही. कुत्रा असेल तर मशीन त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका, कुत्रे चावून टाकतात.

सायंतारा:
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आज सकाळी केलं!

कानोसा काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. डोम काढला, आत बघितलं तर जाळी दिसतच नव्हती, पूर्ण तपकिरी झाली होती. हात थरथरत होते खरं सांगायचं तर. काडीचं रिकामं टोक दाबलं, ओढलं, जुना निघून आला, नवा बसवला. बाबांच्या कानात घातलं आणि मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, पंखा वाजतोय. मग मी मुद्दाम खोलीच्या त्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलले तर म्हणाले, ओरडतेस कशाला. मी आत जाऊन रडले थोडी.

सहा महिने ती काडी ड्रॉवरमध्ये होती. कोणी एक वाक्य सांगितलं असतं तर काय झालं असतं.

आता राहिली ती खरखर. आंघोळीनंतर अजून होतेच, आणि बाबा सकाळी फिरून आले की पण होते. डाव्या बाजूला जास्त.

पहाटफेरी:
खरखर म्हणजे ओल. मी रोज पळतो, घाम भरपूर, त्यामुळे या विषयात खूप मार खाल्लाय.

आंघोळीनंतर कान आतून ओलसर असतो, केस ओले असतात, लगेच मशीन घालायचं नाही. कानाच्या बाहेरून टॉवेलने टिपायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. क्रीम, पावडर, तेल, केसांचा स्प्रे जे काही लावायचं ते आधी, मशीन सगळ्यात शेवटी. फिरून आल्यावर मशीन काढा, घाम पुसा, सेलचं दार उघडं ठेवून थोडा वेळ राहू द्या.

रात्री मशीन उघड्यावर न ठेवता सुकवायच्या डबीत ठेवायचं. घट्ट झाकणाची डबी, तिच्यात सिलिका जेलची गोळी किंवा पुडी असते, ती रात्रभर ओल ओढून घेते. सेल काढायचा, दार उघडं ठेवायचं आणि मशीन आत. सेल मात्र डबीत ठेवू नका. मी वर्षभर सेलसकट ठेवत होतो आणि विचार करत होतो की सेल इतके लवकर का संपतात, तर या सेलमध्ये आत पातळ रसायन असतं आणि सिलिका जेल तेही सुकवतं, सेल मरतो. सेल काढून बाहेर ठेवायला लागलो आणि फरक लगेच कळला.

सिलिका जेलचे मणी रंग बदलतात. नारिंगी असतील तर हिरवट किंवा पांढुरके होतात, निळे असतील तर गुलाबी. रंग बदलला म्हणजे त्यांचं पोट भरलं, आता ती डबी नुसती डबी आहे. पुष्कळ लोक तीच डबी वर्षानुवर्षं वापरतात. परत वापरता येणारे आहेत का ते पाकिटावर दिलेलं असतं.

विजेवर चालणारे सुकवायचे डबे पण मिळतात, मंद ऊब देतात. चार्जिंगवालं मशीन असेल तर त्यात ठेवायच्या आधी माहितीपुस्तिका बघा, सगळ्यांना चालत नाही.

आणि मशीनवर आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून बिनधास्त राहू नका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि ती चाचणी साध्या स्वच्छ पाण्यात करतात. घामात मीठ असतं, तेल असतं, साबणाचं पाणी वेगळं. आणि जिथे सेल बदलायचा असतो तिथे झिंक एअरच्या सेलला हवा लागते म्हणून कुठेतरी वाट ठेवावीच लागते.

सायंतारा:
झिंक एअर म्हणजे? बाबांच्या सेलवर पण तसंच काहीतरी लिहिलंय. आणि चुकून मशीन पाण्यात पडलं किंवा धुवायच्या कपड्यात गेलं तर?

कानोसा:
सेलचं मी सांगतो, कारण यात लोक खूप पैसे घालवतात.

झिंक एअर म्हणजे आत जस्त असतं आणि ते बाहेरच्या हवेतल्या प्राणवायूशी मिळून वीज बनवतं. सेलच्या सपाट बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यावर रंगीत स्टिकर. स्टिकर काढला की हवा आत गेली आणि सेल जागा झाला, मग मशीनमध्ये असो वा नसो, तो हळूहळू संपत जातो, परत स्टिकर चिकटवून फारसा उपयोग नाही. म्हणून लागेल तेव्हाच काढायचा. आणि काढल्याकाढल्या लगेच घालायचा नाही, निदान एक-दोन मिनिटं, पाच मिनिटं थांबलात तर अजून चांगलं, छिद्रं वर करून टेबलावर ठेवायचा. हवा नीट भरायच्या आत दार बंद केलं तर सेल लवकर उतरतो. तुमचा तपकिरी म्हणजे ३१२ नंबर. पिवळा १०, नारिंगी १३, निळा ६७५. रंग सगळ्या कंपन्यांत तेच असतात त्यामुळे नाव वेगळं असलं तरी चालतं.

हे सेल शेवटपर्यंत जवळपास सारख्या जोराने चालतात आणि मग एकदम बसतात. म्हणून आवाज हळूहळू कमी होत गेला तर फिल्टरवर संशय घ्या, आणि चांगला चालता चालता पटकन गेला तर सेलवर. नेहमीच असं होतं असं नाही पण मला इतक्या वर्षांत याचा उपयोग झालाय.

फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. नाण्यांसोबत, किल्ल्यांसोबत सुटे ठेवू नका. सेल घालताना बोटं कोरडी हवीत. आणि मशीन चार-आठ दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, आत राहून पाझरला तर पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर येतो. कोरड्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसून बघा, खरवडू नका, नाही गेला तर दुरुस्तीला द्या.

पाण्यात पडलं तर आधी सेल काढा, चालू करून बघायचा मोह आवरा. चार्जिंगवालं असेल तर बंद करा आणि ओलं असताना चार्जरवर ठेवू नका. झटका, पुसा, दार उघडं ठेवून सुकवायच्या डबीत निदान एक रात्र, माझं मत दोन रात्री. त्यानंतर नवा सेल घालून बघा. तांदळात ठेवतात लोक, मी नाही ठेवत, पीठ आणि कण माइकमध्ये जातात.

अजून एक सांगतो, तुम्ही मुलगी म्हणून सगळं करताय ते दिसतंय, पण रोजचं पुसणं आणि ब्रश मारणं बाबांना करू द्या. माझी बोटं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत, फिल्टर माझी सून बदलते, पण बाकी मी करतो. भिंगाचा दिवा घेतलाय, खाली गडद रंगाचा जाड टॉवेल, आणि सेल उचलायला डबीतल्या ब्रशच्या मागे लोहचुंबक असतं, तुमच्याकडेही असेल बघा. स्वतः साफ केलेलं मशीन माणूस ड्रॉवरमध्ये टाकून देत नाही.

स्क्रूड्रायव्हर:
टाचणीचं वाचून कालच सासऱ्यांचं मशीन तपासायला नेलं. एका बाजूची जाळी फाटलेली निघाली, रिसीव्हर सुदैवाने शाबूत आहे. त्यांना आवाज थोडा फाटका येत होता पण ते बोलले नव्हते. स्पिरिटची बाटली मशीनच्या डबीतून काढून ठेवली. ध्वनिरेषा, वेळेवर सांगितलंत, मनापासून आभार.

सायंतारा:
आज आठवा दिवस. सुकवायची डबी आणली, आंघोळीनंतर पंधरा मिनिटं थांबतो, उजव्या बाजूची खरखर पूर्ण गेली. बाबा सकाळी खिडकीपाशी टॉवेल पसरून बसतात आणि दोन्ही मशीन ब्रशने झटकतात, टोक खाली धरून, मला मधे बोलू देत नाहीत. सहा आवाजांपैकी स त्यांना डावीकडून येत नाही, बाकी पाच येतात. डावीकडची थोडी खरखर पण आहे अजून. फिल्टर त्या बाजूचाही बदलला. डोम पण जुना होता म्हणून डबीतला दुसरा लावला, पण तो दिसायला थोडा वेगळा आहे, भोकं नाहीत त्याला, आणि तेव्हापासून बाबा म्हणतात स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. हे डोममुळे असेल का?

ध्वनिरेषा:
हो, डोममुळेच. भोकं असलेला उघडा डोम आणि बिनभोकांचा बंद डोम हे वेगळे प्रकार आहेत, मशीनचा आवाज बसवताना कोणता डोम आहे हे धरून बसवलेला असतो, त्यामुळे प्रकार बदलायचा नाही. जुना डोम फाटला नसेल तर कोरड्या कापडाने पुसून तोच परत लावा आणि त्याच प्रकारचे, त्याच मापाचे नवीन आणा. उजव्या मशीनवर जो आहे तोच डावीकडे असेल असं धरू नका, दोन्ही कानांची मापं वेगळी असू शकतात. डोम दोन-तीन महिन्यांनी, किंवा कडक, पिवळा झाला की बदलायचा.

स मात्र तेवढ्याने आला नाही तर डावं मशीन आणि बाबांना, दोघांनाही घेऊन जा. तो माइकमध्ये शिरलेल्या ओलीमुळे असू शकतो, रिसीव्हर कमजोर झाल्यामुळे असू शकतो किंवा त्या कानाचं ऐकणं थोडं बदललं असेल, आणि हे घरी कळत नाही. जाताना लिहून न्या की फिल्टर कधी बदलला, सेल कधी घातला, सहांपैकी कोणता आवाज कधीपासून येत नाही. आणि यावेळी काय साफ केलं ते तुमच्यासमोर करायला सांगा.